सांडपाण्याचीही चौकट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात रोज एक लहानशी चौकट येते. तुळशी, विहार, तानसा, भातसा... कोणत्या तलावात किती पाणी आहे, गेल्या वर्षी याच दिवशी किती होतं. आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर आधी ती चौकट वाचली जाते. शहरात येणाऱ्या पाण्याचा हिशेब आपण इतक्या निगुतीने देता. शहराबाहेर जाणाऱ्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू आहे का, याचाही एक हिशेब ठेवला जातो, पण तो सामान्य वाचकापर्यंत पोचत नाही. त्यासाठी हे पत्र.

मी सार्वजनिक आरोग्य सेवेतली निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं धारावीत गेली. गेल्या महिन्यात शेजारची नवी आई मला म्हणाली, "काकू, पोलिओ तर कधीच गेला. मग बाळाला अजून एवढे डोस कशाला?" मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, बाळाचं सगळं नीट पाहते. प्रश्न तिने खऱ्या शंकेने विचारला होता. मी तिला जे सांगितलं ते तिने कुठेच वाचलेलं नव्हतं, आणि वाचणार तरी कुठे?

पोलिओ हा लपणारा आजार आहे. विषाणूची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांमध्ये एखाद्याच्याच हातापायातली शक्ती जाते. बाकीच्यांना थोडा ताप येतो, घसा दुखतो, बहुतेकांना तर काहीच होत नाही. पण यातल्या प्रत्येकाच्या शौचातून कित्येक आठवडे विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणजे वस्तीत पहिलं मूल लुळं पडतं तेव्हा विषाणू शेकडो घरांतून फिरून आलेला असतो.

आम्हा परिचारिकांचं काम त्या पहिल्या मुलापासून सुरू व्हायचं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. डबी हातात दिली की आया संकोचायच्या. सासवा विचारायच्या, "पाय लुळा पडलाय, मग शी कशाला तपासता?" त्यांना दारातच बसून समजावायचं, की हा विषाणू राहतो आतड्यात, पायावर दिसतो तो त्याने केलेला घात. हे सांगताना समोर ते मूल असायचं. आपण उशिरा आलो आहोत, हे माहीत असायचं.

म्हणून 2001 पासून मुंबईत सांडपाण्याचे नमुने तपासायला सुरुवात झाली, त्याचं मोल मला फार वाटतं. धारावीतूनही नमुने घेतले जात. पहाटे, लोक शौचाला जाण्याच्या वेळेला, दोरी बांधलेली बादली नाल्यात सोडायची, लिटरभर पाणी बाटलीत भरायचं, बर्फात ठेवायचं आणि परळच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. हाफकिनच्या आवारातलं तेव्हाचं एन्टरोव्हायरस संशोधन केंद्र, आता राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा मुंबई विभाग. पोलिओच्या बाबतीत जगातल्या मोजक्या विशेष प्रयोगशाळांपैकी ती एक आहे, हे परळला रोज उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

तिथे त्या घाणीतून विषाणू वेगळा काढतात, काचपात्रातल्या पेशींवर वाढवतात आणि त्याची जनुकीय रचना वाचतात. पोलिओच्या विषाणूत वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो. त्यामुळे दोन विषाणू शेजारी ठेवले की त्यांचं नातं किती जवळचं, किती लांबचं, ते कळतं. कुळाची वंशावळ मांडावी तसंच ते काम. मुंबईच्या नाल्यात सापडलेल्या विषाणूंचं मूळ उत्तर प्रदेश-बिहारमध्ये असल्याचं याच रीतीने कळलं. मुंबईत एकही मूल लुळं पडलेलं नसताना नाल्याच्या पाण्यात विषाणू मिळाल्याचे प्रसंगही आले. अशा वेळी लसीकरणाची जादा फेरी काढता येते, आणि त्या फेरीत वाचलेल्या मुलांना आपण वाचलो हे कधी कळतही नाही.

मुंबईच्या सांडपाण्यात मूळ, म्हणजे रानटी, पोलिओ विषाणू शेवटचा मिळाला नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी. 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आम्ही आरोग्य केंद्रात पेढे वाटले होते. ऊन-पावसात घरोघरी फिरलेल्या बायका त्या दिवशी रडल्या.

पण नाल्यावरचं काम त्या दिवशी संपलं नाही, संपायलाही नको. तोंडावाटे देतात त्या थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. सगळ्या मुलांना डोस मिळालेले असले तर त्याला पुढे जायला वाट राहत नाही. जिथे बरीच मुलं डोसावाचून राहिलेली असतात, तिथे मात्र तो आतड्यातून आतड्यात महिनोन् महिने फिरत बदलतो आणि क्वचित पुन्हा लुळेपणा आणण्याइतका जोर धरतो. याला घाबरून डोस टाळणं म्हणजे त्याच विषाणूला आणखी वाट मोकळी करणं. एप्रिल 2016 मध्ये थेंबांतून पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार काढून टाकला तो याच कारणाने. त्यानंतर दोन महिन्यांतच हैदराबादच्या सांडपाण्यात तसा बदललेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. आजारी मूल एकही नव्हतं. तरी सुमारे तीन लाख मुलांना इंजेक्शनची लस दिली गेली. वाट पाहिली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे येते. पोलिओ जगातून अजून गेलेला नाही, म्हणून डोस; आणि एकच लस पुरत नाही, म्हणून एवढे डोस. इंजेक्शनची लस मुलाला लुळेपणापासून वाचवते, पण विषाणूला आतड्यात वाढण्यापासून ती तेवढी अडवू शकत नाही. इस्रायलमध्ये 2005 पासून फक्त इंजेक्शनच दिलं जात होतं, आणि लसीकरणही उत्तम. 2013 मध्ये तिथे दक्षिणेकडच्या राहात शहराच्या सांडपाण्यात मूळ पोलिओ विषाणू सापडला. त्या वेळी एकही मूल लुळं पडलं नाही. विषाणू मात्र निरोगी, लस घेतलेल्या मुलांच्या पोटातून खुशाल फिरत होता. दवाखान्यात बसून तो कुणालाही दिसला नसता. तिथे मग तोंडावाटेचे थेंब पुन्हा सुरू करावे लागले. लंडनमध्ये 2022 साली बेकटनच्या मलजल केंद्रातले नमुने पाहून एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. गाझात जुलै 2024 मध्ये, युद्ध चालू असताना, इस्पितळं मोडून पडलेली असताना, विषाणू आल्याचं सांडपाण्याने आधी सांगितलं. ऑगस्टमध्ये तिथलं दहा महिन्यांचं बाळ लुळं पडलं, पंचवीस वर्षांतलं पहिलं.

निवृत्तीनंतर एकदा एका कार्यालयात मी विचारलं होतं, की आमच्या भागातल्या नमुन्यांचा निकाल नागरिकांना कुठे पाहायला मिळेल? उत्तर मिळालं, "मॅडम, ते आतलं असतं. बाहेर गेलं तर घबराट होईल." बोलणारे गृहस्थ वाईट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला ते पटत नाही. डोस दिल्याने पुढे मूलबाळ होत नाही, ही अफवा मी दारोदार ऐकली आहे. तोंडावर दार लावून घेतलेलं अनुभवलं आहे. ती दारं उघडली ती प्रत्येक वेळी पुन्हा जाऊन, सगळं खरं सांगून. लंडनमध्ये निकाल जाहीर केला आणि त्याच वेळी पालकांनी काय करायचं तेही सांगितलं. आपल्याकडचे पालक हे समजून घ्यायला कमी आहेत, असं मी तरी म्हणणार नाही.

एक भीती मात्र खरी आहे. वस्तीचं नाव छापलं तर तिथल्या माणसांकडे बोट दाखवलं जाईल. धारावीच्या नावाने कोणकोणते आजार सांगितले गेले ते मी पाहिलं आहे, आणि तिथल्या आयांनी पोलिओच्या रविवारी रांगा लावून मुलांच्या बोटांना शाई लावून घेतलेलीही पाहिली आहे. म्हणून निकाल वस्तीवार देऊ नये, मलनिःसारणाच्या विभागांप्रमाणे द्यावा. मुंबईत हे विभाग कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप असे बरोबर सात आहेत. तलावही सातच. चौकट तयारच आहे.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. जिथे गटारांचं जाळं नाही, घरोघरी शोषखड्डे आहेत, तिथे बादली सोडायची कुठे? त्यामुळे लुळ्या पडलेल्या मुलांचा शोध थांबवून चालणार नाही. मालेगाव, भिवंडीसारख्या दाटीच्या शहरांत नाल्यांचं पाणी नियमित तपासावं आणि तेही लोकांना कळावं, एवढी माझी विनंती आहे. मालेगावात 2010 पर्यंत पोलिओचे रुग्ण सापडत होते, त्याला फार काळ लोटलेला नाही. आणि जो माणूस पहाटे नाल्याच्या काठावर उभा राहून बाटली भरतो, त्याला चांगले हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळावा. सगळी साखळी त्याच्या हातापासून सुरू होते.

आपण पाठपुरावा केलात तर आरोग्य खात्याकडून दरमहा हे सात आकडे मिळवणं अवघड नाही. सोबत एक ओळ द्यावी, की बाळाला इंजेक्शनची पोलिओ लस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, थेंबांचे डोस वेगळे, आणि सरकारी केंद्रात हे सगळं विनामूल्य आहे. पहिली चौकट येईल त्या दिवशी मी ती कापून आमच्या इमारतीच्या फलकावर लावीन. शेजारणीच्या बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस येत्या बुधवारी आहे. तिच्याबरोबर मी जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
चेंबूर, मुंबई