सेन्सर पुन्हा वापरण्याआधी त्याचीच परीक्षा हवी

मा. संपादक,

अन्नातील कीटकनाशकांचे अवशेष जागच्या जागी दाखवणारे आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे सेन्सर येत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी सारी नोकरी अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. नमुना बारीक करायचा, ॲसिटोनायट्राइल या द्रावकाने अवशेष ओढून घ्यायचे, मग घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी आणि रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर. अहवालावर सही होईपर्यंत माल बहुधा खाऊन संपलेला असे.

काळजी आहे ती पुनर्वापराची. यांतले बरेच सेन्सर ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमवर चालतात. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली कीटकनाशके त्याचे काम बंद पाडतात. किती बंद पडले, त्यावरून विषाचा अंदाज. कार्बामेटची पकड काही वेळाने आपोआप सुटते. ऑर्गनोफॉस्फेटची मात्र प्रॅलिडॉक्झिमसारखे रसायन वापरून सोडवावी लागते, आणि उशीर झाला तर तेही निरुपयोगी ठरते. असा थकलेला सेन्सर निर्दोष मालालाही विषारी ठरवेल आणि शेतकऱ्याचे नाहक नुकसान होईल. कीटकनाशकाचा रेणू थेट पकडून मोजणाऱ्या अँटिबॉडी किंवा ॲप्टामरच्या (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या डीएनए-आरएनएच्या तुकड्यांच्या) सेन्सरचे याच्या उलट. त्यांची पकड ढिली झाली की ते ‘काही सापडले नाही’ म्हणतात. मला ही चूक अधिक भयंकर वाटते, कारण तिच्याबद्दल तक्रार करायला कोणी येत नाही. कीटकनाशकाचे रेणू ओळखायला वापरलेल्या चांदीच्या नॅनोकणांना (अतिसूक्ष्म कणांना) टायटॅनियम डायऑक्साइडची जोड देऊन, मोजणीनंतर चिकटलेले रेणू अतिनील प्रकाशात नष्ट करण्याची पद्धत मला जास्त आशादायक वाटते. पण चांदीही हवेत काळवंडते, म्हणजे तोही सेन्सर कायम सारखा राहत नाही.

म्हणून माझी मागणी अशी, की प्रत्येक नमुन्याआधी यंत्राने एक कोरा, म्हणजे कीटकनाशक नसलेला, आणि एक कीटकनाशकाच्या ज्ञात मात्रेचा द्रव मोजावा. उत्तर चुकले, तर पुढचा निकाल देऊच नये. नुसते ‘सुरक्षित’ लिहू नये. कोणते कीटकनाशक, किती मात्रेपर्यंत शोधले, ते लिहावे. वरच्या एन्झाइमला पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके दिसत नाहीत, हे ग्राहकाला कसे कळणार? युरोपीय संघात स्वतंत्र मर्यादा न ठरलेल्या कीटकनाशकासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सीमा आहे. तिथपर्यंत सेन्सर पोहोचतो का, तेही छापावे. आणि ‘इतक्या वेळा वापरा’ हा आकडा स्वच्छ पाण्यातल्या चाचणीवरून काढलेला नसावा. फळाभाज्यांच्या रसातली रंगद्रव्ये, शर्करा आणि मेण सेन्सरवर साचतात, तेव्हा चाचणीही त्याच रसात व्हावी.

– एक निवृत्त अवशेष-विश्लेषक