वैशूला पत्र

प्रिय वैशू,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

घरात सगळे आमवाताच्या औषधालाच, मेथोट्रेक्सेटला, घाबरलेत म्हणालीस. मला मात्र भीती वाटते ती औषध लांबणीवर टाकण्याची. आमवातात, म्हणजे आपल्या र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, सांध्यांना नुसती सूज येत नाही, आतून हाड झिजत जातं आणि झिजलेलं पुन्हा भरून येत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणं थांबतं, झीज थांबत नाही.

तुझ्या जाऊबाईंनी वाचलं ते खरं आहे, मेथोट्रेक्सेट कॅन्सरवरही देतात. पण तिथले डोस कितीतरी मोठे असतात. आपल्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ मध्येच मान्यता मिळाली. वैशू, हे ‘आठवड्यातून एकदाच’ घरात सगळ्यांना सांगून ठेव. चुकून रोज घेतली गेली तर हीच गोळी जिवावर बेतते. मी गुरुवार धरलाय आणि पाकिटावर मार्करने मोठ्ठा ‘गुरु’ लिहिलाय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतील, ते कंटाळा करून सोडू नकोस. तोंड येणं, मळमळ त्याने बरीच कमी होते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्त तपासतील, लिव्हर आणि रक्तपेशी बघायला. कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करायचा.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार अजून मनात असेल तर पहिल्याच भेटीत सांग, सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी. मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहता कामा नयेत, ते काही महिने आधी बंद करावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन ही याच आजारावरची औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात. म्हणजे वाट आहे, पण डॉक्टरांना माहीत असेल तरच.

आता डॉक्टरांचं. हाडांच्या डॉक्टरांवर थांबू नकोस, र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे सांधेवाताचे तज्ज्ञच गाठ, जिल्ह्याबाहेर जावं लागलं तरी. मी सुरुवातीला ज्यांच्याकडे जायचे त्यांनी कधी माझ्या हाताला हात लावला नाही. फाइल बघायची, लिहून द्यायचं. आताच्या मॅडम एकेक सांधा अंगठ्याने दाबतात, त्यांच्या नखाचा रंग पांढरा होईपर्यंत, आणि दाबताना बघतात माझ्या चेहऱ्याकडे. असे २८ सांधे. सुजलेले किती, दुखणारे किती, रक्तातली सूज किती आणि मला स्वतःला कसं वाटतंय, यावरून त्या एक आकडा काढतात. आकडा उतरला नाही की औषध वाढवतात किंवा बदलतात. ‘सहन करा’ असं कधी म्हणाल्या नाहीत. त्या २८ मध्ये पावलांचे सांधे धरत नाहीत, तेव्हा तुझ्या टाचा-चवड्यांचं तू आपणहून काढ. प्रश्न विचारल्यावर वैतागणारे डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, हा आजार वर्षानुवर्षांचा आहे, तिथे निभणार नाही.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर कदाचित थोडं स्टेरॉइड देतील. ते सांगतील तसंच उतरवायचं, मनाने बंद करायचं नाही. पण मामांनी सुचवलेल्या त्या बिननावाच्या पुड्या नकोत गं. चार दिवसांत सूज उतरवणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइडच मिसळलेलं निघतं, आणि किती ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज आणणारा ठरावीक भाग रोखणारी, ही पुढची गोष्ट, लागतीलच असं नाही. लागलीच तर आधी टीबीची तपासणी होते. खर्च मोठा आहे, त्याबद्दलही मोकळेपणाने विचारायचं, लाजायचं नाही.

अपॉइंटमेंट मिळाली की कळव, मी येते. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते आजपासून डायरीत लिहीत जा, तिथे पहिल्यांदा तेच विचारतात. आणि पिठाचा गोळा मळायचं काम आता दादांकडे दे, मी फोन करून सांगू का त्यांना?

तुझीच,
मीनल