बाबा, रेघ थरथरू द्या

पालडी, अहमदाबाद
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "हात थरथरतो आता, ब्रश कपाटात ठेवून दिले." तेव्हा मला पुढे बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. सोबत एक पार्सल आहे, पण ते आधी हे वाचून मग उघडा.

आई, एनआयडीत, म्हणजे आमच्या या डिझाइनच्या संस्थेत, तुम्ही दिवसभर करता तरी काय, असं तू नेहमी विचारतेस. सुरुवातीला आम्ही कागदावर चेंडू उडवला. आपटला की चपटा, सुटला की लांबट, वर पोचताना संथ. मग आलं पिठाचं पोतं. अर्धं भरलेलं, डोळे नाहीत, तोंड नाही. तरी ते रुसलंय की दमलंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. ॲनिमेशन शिकणारे जगभर हा धडा गिरवतात. माझं दमलेलं पोतं बघून सरांनी विचारलं, "हे कुणाला बघून काढलंस?" मी म्हटलं, "गिरणीतून दळण आणून उंबऱ्यावर टेकलेल्या आईला."

परवाच्या उत्तरायणला सगळा वर्ग गच्चीवर होता. पतंग उडवायला नव्हे, उडवणाऱ्यांचे खांदे आणि मनगटं टिपायला. ढील देताना माणूस कुठे झुकतो आणि खेचताना वजन कोणत्या पायावर जातं, हे मॅडम आमच्याबरोबर उन्हात उभ्या राहून काढत होत्या. इथल्या शिक्षकांचं मला हेच फार आवडतं. त्यांच्याही हाताला शिसं लागलेलं असतं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारतात फिरलं आणि त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत सुंदर कोणती ठरवली असेल? लोटा. आपला तांब्या! हे वर्गात ऐकलं आणि तुमचं टेबल डोळ्यांसमोर आलं. एलिमेंटरीच्या पोरांना वस्तुचित्रासाठी तुम्ही तीस वर्षं तोच पितळी तांब्या मांडत होतात, आणि आम्हाला वाटायचं की बाबांना दुसरं काही सुचतच नाही.

फाळक्यांबद्दलही इथेच नीट कळलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला होता, एकेक फ्रेम करत. १९१५ च्या सुमाराला त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आपल्या त्र्यंबकच्या माणसाचं हे काम मला अहमदाबादेत येऊन कळावं, याची खंत वाटली.

आता मुद्द्याचं.

माझी डिप्लोमा फिल्म आईच्या भाकरीवर आहे. तीन मिनिटांची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. आम्ही एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला १२. तीन मिनिटांची २१६० चित्रं झाली. काठवटीत थापणं, तव्यावर पाण्याचा हात फिरवणं, निखाऱ्याशी उभी केलेली भाकरी टम्म फुगणं, एवढं जमलंय. भाकरी फुगते तेव्हा तो पहिल्या सत्रातला चेंडूच कामाला आला. पण चुलीचा धूर जमत नव्हता. मी तो कॉम्प्युटरवर काढला होता, रेघ अगदी सफाईदार. लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेघांची चाचणी, बघून सर म्हणाले, "धूर मेलाय." मग त्यांनी एकच चित्र तीनदा हाताने काढून आलटूनपालटून फिरवून दाखवलं. तीन चित्रांत रेघ केसभर इकडेतिकडे होते आणि पडद्यावर ती सतत थरथरते. इथे म्हणतात, रेघ उकळते. त्यामुळे स्थिर उभी असलेली वस्तूसुद्धा श्वास घेतेय असं वाटतं.

मी मुद्दाम हात हलवून पाहिलं. खोटं ते लगेच कळतं. आणि त्याच आठवड्यात बाबांनी ब्रश ठेवल्याचं सांगितलं.

बाबा, माझ्या फिल्ममधला धूर तुम्ही काढाल? तुमच्या हाताला ती रेघ आज आहे, आणि ती माझ्याकडे नाही. मी मन राखायला म्हणत नाहीये. सरांना विचारलंय, ते हो म्हणाले. नामावलीत तुमचं नाव येईल, आईचंही.

पार्सलमध्ये भोकं पाडलेले २४ कागद आहेत, म्हणजे दोन सेकंदांचा धूर. तेवढाच फिरवून फिरवून वापरता येतो. त्यांची भोकं ज्यात अडकतात ती खुंट्यांची पट्टीही आहे, ती खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावा. तुम्ही नकाशे गिरवून घ्यायचात तसंच, सकाळच्या उजेडात. पहिला कागद मी काढून पाठवलाय. त्यावर दुसरा अडकवा, खालचा धूर दिसेल, त्याच्या जरासा वर आपला काढा. दोन दिवसांत चार झाले तरी चालतील. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात आकडा मात्र घाला, नाहीतर क्रम लागणार नाही.

आई, येत्या रविवारी परसातली चूल पेटव आणि चार भाकऱ्या कर. बाबांनी फोन आडवा धरून, स्टुलावर टेकवून, काठवटीच्या उंचीवरून व्हिडिओ घ्यावा. तोंड नको, हातच हवेत. बांगड्या काढू नकोस, त्यांचा आवाज मला हवाय.

आणि पार्सलमध्ये ४बी पेन्सिली आहेत, खोडरबर ठेवलेला नाही. घरातला कपाटात असेल, तो तेवढा आईने काढून घ्यावा.

तुमची,
ताई