आयात बिअरची तारीख वाचायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानतोय, कारण गोदामात खोकी उतरवून घेताना तुम्ही जे समजावून सांगितलंत, ते बिअर शॉपीच्या फ्रीजसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. जर्मन बिअरला चांगले पैसे मोजावे लागतात आणि ती शिळी निघाली की नाव खराब होतं ते बनवणाऱ्याचं.

बाटलीवर ‘मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस’ या शब्दांपुढे जी तारीख असते, ती मुदतीची. किमान तोवर बिअर टिकेल, एवढंच ब्रूअरी सांगते. भरल्याची तारीख फार थोडे जण छापतात. ‘आबगेफ्युल्ट आम’ असं दिसलं तर नशीब समजायचं. क्रम आपल्यासारखाच, आधी दिवस, मग महिना. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी मात्र सांभाळावं: ०५.०६.२६ म्हणजे ५ जून, ६ मे नव्हे. तारखेशेजारी १४:३२ असं काही असेल तर ती भरण्याची वेळ. मुदत तीन ते अठरा महिन्यांची असेल तर युरोपात नुसता महिना आणि वर्ष छापलं तरी चालतं. १० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या बिअरला मुदत छापण्याची सक्तीच नाही. त्यामुळे १२ टक्क्यांच्या आइसबॉकवर (गोठवून दाट केलेल्या कडक बिअरवर) तारीख सापडली नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये.

मग बिअर कधी भरली ते काढायला मुदतीच्या तारखेपासून मागे मोजायचं. किती मागे, ते ब्रूअरीवर ठरतं: कुणी सहा महिने देतं, कुणी नऊ, आणि निर्यातीच्या मालाला बऱ्याचदा बारा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तुमचा मार्ग सोपा. ‘एल’ अक्षरापुढचा लॉट नंबर (एका खेपेत भरलेल्या मालाचा क्रमांक) आणि तारीख यांचा स्वच्छ फोटो काढून थेट ब्रूअरीला मेल करायचा आणि ही बाटली कधी भरली, एवढंच विचारायचं. एकदा मुदतीचा आकडा कळला की त्याच बिअरच्या पुढच्या बाटल्यांचं गणित बोटांवर होतं. आयातदाराचा स्टिकर नेमका तारखेवर चिकटवलेला असेल तर ओल्या फडक्याने कडेने सोडवून पाहायचा. खाली छपाई खरवडलेली किंवा पुसलेली दिसली, तर ती बाटली घ्यायची नाही.

आमचे डोळे उघडले ते आयातीच्या नियमाने. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या आयात नियमांनुसार कस्टम्समधून माल सुटताना मुदतीचा ६० टक्के भाग किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. बारा महिन्यांच्या बिअरला हा हिशेब लावा. ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून जास्त, म्हणून लागू होतात ते तीन महिने. मुदत २० मार्च २०२६ असेल, तर बिअर भरली २० मार्च २०२५ च्या सुमारास, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ती न्हावा शेवाला उतरली तरी कायद्याने सगळं ठीक. म्हणजे आयातीचा महिना ताजा आणि बिअर साडेआठ महिन्यांची! स्टिकरवरचा आयातीचा महिना पाहून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि वय हे निम्मंच उत्तर. उरलेलं निम्मं उन्हाळ्याचं. तापमान १० अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ३५ अंशांच्या गोदामातला एक महिना १५ अंशांच्या तळघरातल्या निदान चार महिन्यांना भारी पडतो. म्हणून आठ महिने थंडीत राहिलेली बाटली घ्यावी, पण चार महिने पत्र्याखाली भाजलेली नको. ‘फ्रीजमध्ये आहे ना’ याला अर्थ नाही; फ्रीजमध्ये कधी आली, ते विचारावं.

उजेडाचं थोडक्यात. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून प्रकाश आत जातो, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांतल्या कडू द्रव्यावर त्याची क्रिया होते आणि गंधकाचा उग्र दर्प सुटतो. ट्यूबलाइटखाली मांडलेली पुढची बाटली टाळून मागची, शक्यतो तपकिरी काचेची घ्यावी. खांद्यावर आणि तळाशी घासल्याच्या पांढुरक्या कड्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. जर्मनीत बाटल्या धुऊन पुन्हा भरतात, त्या खुणा काचेच्या वयाच्या.

वाइत्सनची, म्हणजे गव्हाच्या गढूळ बिअरची, पारख वेगळी, कारण तिच्यात यीस्ट असतं. बाटली हळूच तिरकी केल्यावर गाळ धुरासारखा उठला तर बरं चिन्ह. पापुद्रे सुटले किंवा तळाला थर घट्ट बसला असेल तर ती बराच काळ पडून आहे. जुन्या वाइत्सनमध्ये केळ्याचा वास आधी ओसरतो, फेस लवकर बसतो आणि मरत चाललेल्या यीस्टमुळे सोया सॉससारखी खारट छटा येते. उलट गाळलेल्या पिल्समध्ये (फिकट सोनेरी, कडवट बिअरमध्ये) तळाशी कण किंवा गढूळपणा दिसला की संशय घ्यावा. डॉपेलबॉक या कडक, माल्टच्या दाट चवीच्या बिअरला वय एवढं बोचत नाही. मनुका-खजुराचा स्वाद वाढतो, कित्येकांना तो आवडतोही.

शेवटची खात्री नाकाची. बर्फगार बिअरला वास लपवता येतो, म्हणून ग्लासात थोडी ओतून १० ते १२ अंशांवर येऊ द्यायची. हेलेस (फिकट, सौम्य बिअर) ताजी असेल तर धान्याचा आणि पावाचा वास येतो, पिल्सला गवताचा, फुलांचा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती प्राणवायूची करणी. पुढे मधासारखा गोडसरपणा येतो, कडवटपणा बोथट होतो, रंगही किंचित गडद दिसतो. अशी बिअर प्यायल्याने अपाय होत नाही, पण त्या किमतीला ती घेऊ नये.

दादा, खोकं फोडायच्या आधी त्यावरचा लॉट नंबर वहीत टिपून घेण्याची तुमची सवय आम्ही उचलली आहे. बाटलीवरची शाई पुसट असते तेव्हा तीच नोंद कामी येते. ज्ञान हातचं न राखता दिलंत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

आपले,
पुण्यातले बिअरचे चाहते