सांदण घळ आणि करोली घाट: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी आपण अकोले तालुक्यातील साम्रद गावातून सांदण घळीत उतरून करोली घाटाने परत वर येणार आहोत. देश आणि कोकण यांना जोडणारी ही जुनी घाटवाट जागोजागी झाडोऱ्यात हरवली असल्याने, गावातील वाटाड्याला मागे टाकून कोणीही पुढे जाऊ नये. घळीत पाण्यातून चालावे लागते, आणि माथ्यावर पाऊस झाल्यास त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. म्हणून आभाळ भरून आल्यास मोहीम रद्द होईल, याबाबत कृपया आग्रह धरू नये. दोरीने उतरण्याच्या टप्प्यांसाठी हेल्मेट सक्तीचे आहे. परिसर अभयारण्याचा असल्याने वाटेच्या खुणांसाठी कातळावर रंग लावू नये.