मिरचीच्या पाकिटावर प्रजातीचे नाव हवे

महोदय,

आपल्या पुरवणीत गच्चीवरील भाजीबागेविषयी येणारा मजकूर मी आवडीने वाचते. मात्र मिरचीचा विषय निघाला की चर्चा ‘तिखट’ आणि ‘कमी तिखट’ यापलीकडे जात नाही, आणि बियाण्यांच्या पाकिटांवरही बहुधा तेवढेच छापलेले असते. लागवडीतल्या मिरचीच्या पाच प्रजाती आहेत आणि प्रत्येकीची निगा वेगळी असते, ही माहिती कुंडीत मिरची लावणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवी.

ब्याडगी, संकेश्वरी, एवढेच काय ढोबळी मिरचीसुद्धा ‘कॅप्सिकम अ‍ॅन्युअम’ या एकाच प्रजातीतली. केरळची इवलीशी कांथारी ‘फ्रुटेसन्स’मधली, तिची फळे आभाळाकडे टोक करून उभी राहतात आणि झाड नीट सांभाळले तर काही वर्षे टिकते, म्हणून तिला सुरुवातीपासूनच मोठी कुंडी द्यावी. ईशान्येकडील भूत जोलोकिया प्रामुख्याने ‘चायनेन्स’ गटातली. अ‍ॅन्युअमचे बी साधारण आठ-दहा दिवसांत उगवते, पण चायनेन्सला तीन-चार आठवडेही लागू शकतात. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण बी खराब निघाले असे समजून ट्रे रिकामा करून टाकतात.

रोप मोठे झाल्यावर ओळख फुलावरून पटते. अ‍ॅन्युअममध्ये पेरापाशी बहुधा एकच पांढरे फूल येते, तर चायनेन्समध्ये दोन किंवा अधिक. उरलेल्या दोन प्रजातींपैकी ‘बॅकाटम’च्या पाकळ्यांवर पिवळसर हिरवे ठिपके असतात. ‘प्युबेसन्स’ची फुले जांभळी, पाने लवदार आणि बिया काळ्या; पण ती अँडीज पर्वतातल्या थंड हवेची असल्यामुळे विदर्भाच्या उन्हात तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरचे बी धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ढोबळीशेजारी तिखट मिरची असेल, तर मधमाश्यांमुळे संकर होऊ शकतो. यंदाची ढोबळी गोडच राहते, परंतु तिखटपणाचा गुण प्रभावी असल्याने संकरित बियांपासून पुढच्या हंगामात तिखट फळे येतात. हे टाळण्यासाठी कळ्या उमलण्यापूर्वीच एका फांदीला मलमलची पिशवी बांधावी, फुले उमलल्यावर ती फांदी रोज हलकेच हलवावी, आणि फळे धरली की पिशवी काढून त्यांच्या देठांना खुणेचा दोरा बांधावा. बी त्याच फळांचे धरावे. मात्र पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिलेले असेल, तर एवढे करूनही मूळ वाण हाती येत नाही.

म्हणून बियाणे कंपन्यांनी आणि रोपवाटिकांनी पाकिटावर व रोपाच्या चिठ्ठीवर प्रजातीचे नाव, उगवणीचे दिवस आणि वाण सरळ (म्हणजे धरलेल्या बियांतून तसाच उतरणारा) आहे की संकरित, एवढे तरी ठळक अक्षरांत छापावे. आपल्या पुरवणीनेही मिरचीच्या लागवडीवर लिहिताना प्रजातीचा उल्लेख आवर्जून करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे