डॉक्टर नसलेल्यांचा विषय

दांडिया बाजार, बडोदे
नवरात्र, पाचवी माळ

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की बायोएथिक्समध्ये, म्हणजे वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांवर, पीएच.डी. करावीशी वाटते, पण तो पडला डॉक्टरांचा विषय, तत्त्वज्ञानात एम.ए. केलेल्या मुलीला तिथे कोण विचारतंय. मी काही बोलणार तेवढ्यात खाली गरब्याचा लाउडस्पीकर सुरू झाला. बरंच झालं, हे फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे पत्राचा तास होणार. तेवढं चालवून घे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. डॉक्टरांच्या खोलीत बाहेरची माणसं शिरली, तेव्हा हा विषय निघाला. त्यात वार्ताहर होते, पाद्री होते, वकील होते, बेशुद्ध मुलीचं श्वासयंत्र काढावं म्हणून कोर्टात गेलेले आईबाप होते. तुझ्यासारख्यांना तिथे कोणी जागा करून दिली नाही, त्यांनी ती घेतली.

मी ज्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (औषध चाचण्यांचे प्रस्ताव तपासणारी ती) जाते, तिथे सभासदांना मधूनमधून प्रशिक्षण असतं. पहिली स्लाइड ठरलेली, ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस, दुसरी चरक. दोघांबद्दल मला आदर आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला केलेला उपदेश वाच. रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर बोलू नये, स्वतःच्या जिवावर बेतलं तरी त्याचं वाईट चिंतू नये, हे सगळं आजही लागू आहे. पण तो वैद्यांचा वैद्यांशी संवाद आहे. चांगला वैद्य कसा असावा हे त्यात ठरतं. माझ्या शरीराचं काय करायचं हे कोणी ठरवावं, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न विसाव्या शतकातला.

पुस्तकं त्याची सुरुवात १९४७ पासून करतात. न्यूरेम्बर्गला नाझी छळछावण्यांतल्या प्रयोगांचा खटला चालला. २३ आरोपी, त्यांतले २० डॉक्टर. १६ दोषी ठरले, सात जणांना फाशी झाली. निकालपत्रातच न्यायाधीशांनी दहा कलमं घातली, आणि पहिलं कलम माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं. हे सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट जास्त खुपते. १९३१ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या दोनच वर्षं आधी, जर्मन सरकारनेच माणसांवरच्या प्रयोगांचे नियम काढले होते. संमती हवी, मरणाच्या दारातल्या माणसावर प्रयोग नको, लहान मुलाला धोका होईल असं काही नको. त्या काळी दुसऱ्या कुठल्या देशात इतके स्वच्छ नियम सापडणं कठीण. आणि पुढे जे व्हायचं ते त्याच देशात झालं. 'नियम केले म्हणजे प्रश्न सुटला' असं तुला कोणी सांगितलं, तर त्याला हे साल विचार.

अमेरिकेला वाटलं, न्यूरेम्बर्ग हे राक्षसांचं प्रकरण, आपला काय संबंध? तिकडे अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला १९३२ पासून सरकारी आरोग्यखातं ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, म्हणजे सिफिलिस, नुसता बघत बसलं होतं. तुलनेला २०१ निरोगी पुरुष. बहुतेक गरीब, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. त्यांना सांगितलं होतं की तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतोय. मिळत होतं काय, तर तपासणी, गरम जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. तोही शवविच्छेदन करू दिलं तर. चाळिशीच्या दशकात पेनिसिलिन आलं, जगभर उपदंश बरा व्हायला लागला, तरी यांना ते दिलं नाही. यातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं काय, सांगू? हे लपवलेलं नव्हतं. त्यावरचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांतून वर्षानुवर्षं छापून येत होते. हजारो डॉक्टरांच्या डोळ्यांखालून ते गेले असणार.

ज्याने ते धसास लावलं तो डॉक्टर नव्हता. पीटर बक्सटन हा त्याच खात्यात सॅन फ्रान्सिस्कोला गुप्तरोगाच्या रुग्णांना भेटून माहिती घेण्याचं काम करायचा. त्याने १९६६ आणि १९६८ मध्ये वरिष्ठांना लेखी विचारलं. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली आणि अभ्यास चालू ठेवायचं ठरलं! शेवटी त्याने कागद पत्रकारांकडे दिले. जुलै १९७२ मध्ये जीन हेलर या वार्ताहर बाईंची बातमी देशभर छापली गेली आणि चाळीस वर्षांचा प्रयोग काही महिन्यांत बंद पडला. पुढे माणसांवरच्या संशोधनाचा १९७४ चा कायदा, मग राष्ट्रीय आयोग, १९७९ चा बेलमाँट अहवाल, त्यातली ती तीन तत्त्वं (व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय), हे सगळं त्या बातमीच्या मागून आलं. तत्त्वं तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. त्यांच्या मुळाशी खात्यातला एक साधा, चिवट माणूस आहे, हे विसरू नकोस.

आता तू म्हणशील, आई बाहेरच्यांची आरती ओवाळतेय. तर सिएटलची गोष्ट ऐक. १९६० साली तिथल्या डॉ. स्क्रिब्नर यांनी हाताच्या शिरेत कायम राहणारी नळी काढली आणि किडन्या गेलेला माणूस डायलिसिसवर जगवता येऊ लागला. मशिनं मोजकी, रोगी कितीतरी जास्त. कोणाला घ्यायचं? डॉक्टरांनी हे ओझं गावावर टाकलं. सात जणांची समिती नेमली. वकील, पाद्री, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. नावं गुप्त. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख आला तेव्हा लोकांना कळलं की ही मंडळी रोग्याचं वय, पोरंबाळं, मिळकत, शिक्षण आणि चर्चला जाणं-येणं असलं सगळं बघून जगण्याची चिठ्ठी देतात. म्हणजे आपल्यासारखे दिसणारे ते आत! बाहेरची माणसं आणली खरी, पण त्यांनी आपली गल्ली बरोबर आणली. हा प्रश्न कुठल्या तत्त्वाने सुटलाही नाही. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारने जवळजवळ सर्वांच्या डायलिसिसचा खर्च उचलला, मशिनं वाढली आणि समितीची गरजच संपली. पैशाने काही नैतिक प्रश्न नाहीसे होतात, हे तत्त्वज्ञानवाल्यांना फारसं आवडत नाही. तुझ्या बाबांना मात्र फार आवडलं, ते बँकेतले.

बाकीचं भरभर सांगते, तुझ्या पुस्तकात असेलच. १९६६ मध्ये हार्वर्डच्या हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने बावीस गैरप्रयोगांची यादी छापली. तो आतला माणूस होता, आणि आतल्यांनीही तोंड उघडावं लागतं हे त्यावरून दिसतं. १९६९ मध्ये हेस्टिंग्ज सेंटर आणि १९७१ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाची केनेडी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्था निघाल्या, त्या दोहोंतून विषयाला खुर्ची मिळाली. पॉटर नावाच्या कॅन्सर संशोधकाने १९७० च्या सुमारास 'बायोएथिक्स' हे नाव वापरलं तेव्हा त्याच्या मनात नद्या, जमीन, लोकसंख्या, सगळ्या पृथ्वीचंच भवितव्य होतं. विद्यापीठांनी त्यातला दवाखाना तेवढा ठेवून घेतला. मला वाटतं, त्यात बरंच हातचं गेलं.

आपल्याकडे बघ. १९८० मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचं पहिल्यांदा धोरण काढलं, १९९४ मध्ये अवयवदानाचा कायदा आला, त्यातच मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानभाग, हल्ल्यानंतर कित्येक वर्षं तिथेच अचेत पडून होती, ते प्रकरण तुला ठाऊक आहे. तिला दयामरण मिळावं म्हणून एक पत्रकार बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवायची वाट खुली केली, पण ती याचिका मात्र फेटाळली. अरुणासाठी बोलण्याचा हक्क तिची इतकी वर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, असं ठरवलं. म्हणजे माझ्या सिद्धान्ताच्या अगदी उलट. बाहेरचा प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर देण्याचा अधिकार आपोआप त्याला मिळत नाही. हे मी दोन्ही बाजूंनी घोळवून बघितलं. न्यायालयाचं मला पटतं.

आत्याच्या इंदूरचंही एक प्रकरण आहे. तिथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने औषध चाचण्यांविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २००५ ते २०१२ मध्ये देशात चाचण्या चालू असताना २,६४४ माणसं दगावली, पण चाचणीमुळे दगावलेली फक्त ८०, असा सरकारचा हिशेब पुढे आला. उरलेल्यांचं कारण कोणी ठरवलं, कसं ठरवलं, हा खरा प्रश्न. भरपाईचा नियम जानेवारी २०१३ मध्ये आला, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही त्याच वर्षी.

आणि लांब कशाला जातेस, आपला जिल्हा घे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि इकडे बडोदे जिल्ह्यातल्या डभोई, शिनोर, कवांट तालुक्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं अशी सगळी मातबर मंडळी त्यात होती. सात मुली दगावल्या, त्यांतल्या दोन गुजरातच्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं म्हटलं गेलं. सर्पदंश, बुडणं, मलेरिया अशी कारणं होती. लस चांगलीच आहे, तुलाही मी दिलेली आहे. पण संसदेच्या स्थायी समितीचा २०१३ चा अहवाल वाच. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही. गुजरातच्या ६,२१७ पैकी ३,९४४ वर अंगठे. अंगठा उठवण्यात गैर काही नाही, माझी आजीही अंगठाच उठवायची. त्या राठवा आदिवासी बायांना समोर बसवून कोणी काय सांगितलं, त्यांनी उलट काय विचारलं, ते मात्र कागदावर उमटलेलं नाही. चांगली लस, चांगला हेतू, आणि तरी विचारायचं राहिलं. टस्कीगीत खलनायक सापडतो, म्हणून ती गोष्ट शिकवायला सोपी. कवांट अवघड आहे, कारण तिथे तसा कोणी सापडत नाही. हा विषय तू घ्यावास असं मला वाटतं. कवांट आता छोटा उदेपुर जिल्ह्यात गेलं, पण बडोद्याहून बस आहे, राहायची सोय मी बघते.

कमिटीचं विचारलं होतंस. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान सात सभासद लागतात (सिएटलइतकेच, पण नावं उघड), निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, आणि एक सामान्य माणूस. ती मी. पहिल्यांदा औषधांच्या रेणूंची चर्चा ऐकून मान डोलावत होते. मग लक्षात आलं की मला ज्यासाठी घेतलंय ते वेगळंच आहे. वीसेक पानी संमतिपत्र समोर येतं. त्यात बहुतेक कंपनीच्या बचावाची कलमं. मी विचारते, दाहोदहून येणाऱ्या माणसाच्या बसभाड्याचे आणि बुडलेल्या मजुरीचे पैसे कधी देणार? त्रास झाला तर रात्री हा फोन उचलतं कोण, आणि त्याला गुजराती येतं का? चाचणी संपल्यावर औषध चालू ठेवायचं असेल तर पैसे कोणी भरायचे? कधी उत्तर तयार असतं, कधी डॉक्टर एकमेकांकडे बघतात. गेल्या खेपेला या प्रश्नांमुळे एक प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला. त्या डॉक्टरांनी नंतर जिन्यात गाठून वाद घातला, छान घातला, आणि त्यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. पुढच्या बैठकीत तो मांडणार आहे.

तेव्हा 'मला कोण विचारतंय' हे मनातून काढ. पण औषधशास्त्राचं प्राथमिक पुस्तक आणि थोडी संख्याशास्त्राची शिकवणी आत्ताच सुरू कर. अडाण्याने विचारलेला प्रश्न आणि अभ्यास करून विचारलेला साधा प्रश्न, हे डॉक्टरांना लगेच ओळखू येतात.

बाबा विचारतायत, फेलोशिप महिन्याला किती, आणि ती वेळेवर मिळते का? कळव. आजीची शुगर ताब्यात आहे. दिवाळीला येताना स्वेटर आण, रात्री गारठा पडू लागेल.

तुझी,
आई